एकदल की द्विदल? बी, पान, फूल आणि खोड हातात घेऊन ओळखायला शिका

अळूचं पान पहिल्यांदा वहीत चिकटवलं तेव्हा त्याच्याखाली मी ठळक अक्षरांत 'द्विदल' असं लिहिलं होतं. पान रुंद, शिरांचं जाळं, पुस्तकातल्या एकदल-द्विदल फरकाच्या तक्त्यात दिल्याप्रमाणे सगळं जुळत होतं. पण अळू एकदल आहे. चूक तक्त्याची नव्हती, एकाच खुणेवर निकाल देण्याच्या माझ्या घाईची होती. म्हणून हा लेख तक्ता पाठ करून घेण्यासाठी नाही. झाड समोर असताना कुठून सुरुवात करायची, कोणत्या खुणेवर किती भरवसा ठेवायचा आणि कुठे फसायला होतं, एवढंच यात आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. पाठ्यपुस्तकांत एकबीजपत्री आणि द्विबीजपत्री असे शब्द असतात, बोलताना आपण एकदल आणि द्विदल म्हणतो. दोन्ही एकच: बीमधल्या रोपाला दल, म्हणजे पहिलं पान, एक की दोन, यावरून पडलेली नावं. शेतीच्या बोलण्यात मात्र 'द्विदल' म्हटलं की कडधान्यंच डोळ्यांसमोर येतात. वनस्पतिशास्त्रात त्या शब्दाचा पसारा बराच मोठा आहे: आंबा, कापूस, टोमॅटो, वड, गुलाब, सूर्यफूल ही सगळी द्विदल. एकदलांत गवतं, मका, ऊस, बांबू, नारळ, केळी, हळद, कांदा, लिली आणि ऑर्किड येतात. जगात फुलं येणाऱ्या वनस्पतींच्या सुमारे ३ लाख जाती आहेत, त्यांतल्या साधारण ७० हजार एकदल.

साहित्य फारसं लागत नाही. एक भिंग, एक ब्लेड, दोन छोट्या कुंड्या, लाल शाई आणि एक वही.

बिया आधी पेरा, कारण त्यांना वेळ लागतो

पान किंवा फूल पाच मिनिटांत बघून होतं, बियांना आठवडा द्यावा लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी घेवडा, मका आणि कांद्याचं बी आणा. घेवडा आणि मका रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी निम्मे दाणे कापून बघण्यासाठी बाजूला ठेवा आणि निम्मे पेरा. कांद्याचं काळं बी तसंच ओल्या मातीत अगदी वरवर टाका. खोल गेलं तर वर यायला कष्ट पडतात.

भिजलेल्या घेवड्याची साल दोन बोटांत दाबली की सुटते. आत जे दिसतं त्याच्या मधोमध चीर असते. तिथे नख घालून उघडलं की दोन गुबगुबीत फाका वेगळ्या होतात. हीच ती दोन दलं. एका फाकेच्या कडेला, बी शेंगेला जिथे चिकटलेलं असतं त्या बाजूला, एवढंसं रोप चिकटलेलं दिसेल. भिंगातून बघा: मूळ होणारं टोक आणि एकमेकांवर घडी घातलेली दोन इवली पानं. त्या पानांवर शिरासुद्धा उमटलेल्या असतात. हे रोप जमिनीबाहेर येऊन स्वतःचं अन्न तयार करू लागेपर्यंत त्याची शिदोरी त्या दोन फाकांत भरलेली असते.

मक्याचा दाणा असा उघडत नाही, त्याला ब्लेडच लागतं. दाण्याच्या चपट्या बाजूवर एक फिकट लांबट डाग दिसतो. त्याच्या बरोबर मधून उभा काप घ्या. दाण्याचा बराचसा भाग पिठूळ भ्रूणपोषाने, म्हणजे दलाबाहेरच्या अन्नसाठ्याने, व्यापलेला असतो आणि रोप एका कडेला दडून बसलेलं असतं. रोप आणि भ्रूणपोष यांच्यामध्ये ढालीसारखी एक चकती असते. मक्याचं एकुलतं एक दल म्हणजे ही चकती. ती स्वतः फारसं साठवत नाही, पलीकडचं अन्न ओढून रोपाला पोचवते. कापावर आयोडीनचा थेंब टाकलात तर पिष्ट (स्टार्च) असलेला भ्रूणपोष काळानिळा होतो आणि रोपाचा भाग त्यातून उठून दिसतो. हा काप एकदा नीट जमला की 'एक दल' म्हणजे नेमकं काय, हे पुन्हा विचारावं लागत नाही.

आता कुंडीकडे. साधारण आठवडाभरात घेवडा मान वाकवून वर येतो आणि दोन्ही फाका सोबत घेऊन येतो. त्या थोड्या हिरवट होतात, मग सुरकुततात आणि गळून पडतात. मका सुईसारखा एकच कोंब वर काढतो. त्यातून पहिलं पान गुंडाळी सोडत बाहेर येतं, दाणा मातीतच राहतो. सर्वांत मजेशीर कांदा. हिरव्या दोऱ्याचा गुडघा मोडल्यासारखा वाकलेला भाग आधी मातीतून दिसतो. दोनचार दिवसांनी तो सरळ होतो आणि टोकावर बीची काळी टोपी उचलून धरतो. तो हिरवा दोरा हेच कांद्याचं दल.

इथे दोन ठिकाणी ठेच लागते. वाटाणा आणि हरभरा द्विदल असूनही त्यांची दलं मातीतच राहतात, त्यामुळे वर दोन फाका दिसल्या नाहीत म्हणून लगेच एकदल लिहू नका. दुसरं, 'अन्न दलांत साठलं असेल तर द्विदल, भ्रूणपोषात असेल तर एकदल' असा नियम पुष्कळजण करून ठेवतात. एरंडाचं बी फोडून बघा. भरपूर भ्रूणपोष आणि त्याच्या मधोमध कागदासारखी पातळ दोन दलं. एरंड द्विदलच. मोजायची ती दलं, साठा नव्हे.

पान: सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत फसवी खूण

पान उजेडासमोर धरा. गवत, मका, बांबू यांच्या पानांत शिरा तळापासून टोकापर्यंत एकमेकींना समांतर धावतात. जास्वंद किंवा पिंपळाच्या पानात मधली शीर, तिला फुटलेल्या फांद्या, त्यांना फुटलेल्या आणखी बारीक फांद्या, असं जाळं असतं. उजेड नसेल तर पान फाडून बघा. गवताचं पान उभ्या पट्ट्यांत सरळ फाटतं, पिंपळाचं वाकडंतिकडं. केळीचं पान वाऱ्याने आडवं फाटतं, कारण तिथे समांतर शिरा मधल्या दांड्यापासून कडेकडे जातात. दिशा बदलली, समांतरपणा तोच.

शिरांपेक्षा मला पानाचा तळ जास्त बोलका वाटतो आणि नवखे लोक तिकडे बघतच नाहीत. मक्याचं पान खोडापर्यंत सोलत न्या. पानाचा तळ खोडाला बाहीसारखा गुंडाळलेला असतो. केळीचं जे 'खोड' आपण म्हणतो ते तर निव्वळ अशा बाह्यांचीच एकात एक बसलेली गुंडाळी आहे, खरं खोड जमिनीखाली असतं. द्विदलांत बहुधा देठ खोडाला एका ठिकाणी चिकटतो आणि ओढला की तिथूनच सुटतो.

आता फसवे गडी. अळू, सुरण, कोनफळ आणि घोटवेल ही एकदल असून पानांत जाळं बाळगतात. नीट बघितलं तर यांतल्या कोनफळाच्या आणि घोटवेलीच्या मुख्य शिरा देठाच्या टोकापासून एकदम निघतात आणि कमानीसारख्या वळून पानाच्या टोकाकडे जातात. जाळं असतं ते या कमानींच्या मधल्या जागेत. उलट बाजूला इसबगोल: द्विदल, पण पान लांबट आणि शिरा जवळपास समांतर. म्हणून पानावरून फक्त अंदाज लिहायचा, तोही पेन्सिलीने.

फूल मोजताना घाई नको

नियम सोपा आहे. एकदलांत फुलाचे भाग तीनच्या पटीत असतात, द्विदलांत चार किंवा पाचच्या. कळलावीचं फूल घ्या: सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, बीजकोश (बी जिथे तयार होतं तो भाग) आडवा कापला की तीन कप्पे. जास्वंद घ्या: पाच निदलं (कळी झाकणारी बाहेरची हिरवी दलं), पाच पाकळ्या आणि मधल्या लांब दांडीच्या टोकाला पाच गोंडे. मोहरी चारची: चार निदलं, चार पाकळ्या, पुंकेसर मात्र सहा, चार लांब आणि दोन आखूड. मोहरीचे फक्त पुंकेसर मोजले असते तर तुम्ही तिला एकदलांत ढकललं असतं. त्यामुळे एकाच चक्रावर थांबू नका. बाहेरून आत, निदलं, पाकळ्या, पुंकेसर, बीजकोश या क्रमाने चारही मोजा आणि चार आकडे ओळीने लिहा.

एक उपयोगी गोष्ट लक्षात ठेवा. एकदलांत निदलं आणि पाकळ्या बहुतेकदा सारख्याच रंगारूपाच्या असतात. लिलीच्या सहा पाकळ्या म्हणतो त्या खरं तर तीन बाहेरच्या आणि तीन आतल्या. कळी उमलताना बघितलीत तर बाहेरच्या तीन आतल्या तिघींना झाकून असतात, हे स्पष्ट दिसतं.

पुढे येणारी फुलं सरावासाठी मुद्दाम निवडली आहेत, कारण प्रत्येक जण वेगळ्या जागी चकवतं.

बोगनवेल पाहिलीत की तीन रंगीत पाकळ्या मोजून मोकळे व्हाल. त्या पाकळ्या नाहीत, रंगीत पानं आहेत. प्रत्येकीच्या मधल्या शिरेवर एक बारीक नळी चिकटलेली असते, तिचं तोंड फिकट आणि पाच भागांचं. फूल ते. बोगनवेल द्विदल.

बागेतल्या गुलाबाला पाकळ्या मोजायच्याच नाहीत. पैदास करताना पुंकेसरांच्या पाकळ्या होत गेल्या आहेत. फूल उलटं करून निदलं मोजा, पाच मिळतील. झेंडू आणि सूर्यफूल म्हणजे एक फूल नव्हे, शेकडो फुलांचा गुच्छ. मधलं एक बारीक फूल चिमट्याने उपटून भिंगाखाली धरलं की पाच दातांची नळी दिसते.

कर्दळीचं फूल तर कोड्यासारखं आहे. भडक रंगाचे जे मोठे पसरट भाग दिसतात ते नापीक झालेले पुंकेसर. खऱ्या पाकळ्या अरुंद, टोकदार आणि तीनच. त्यांच्याखाली निदलं तीन, बीजकोशात कप्पे तीन. गवताच्या फुलाला तर पाकळ्या शोधूच नका. तुरा हलवला की खाली लोंबणारे पुंकेसर मोजा, बहुतेक गवतांत तीन सापडतात. भातात सहा असतात, म्हणजे पट तोच.

आणि पिवळा धोत्रा. रस्त्याकडेला उगवणारं काटेरी पानांचं ते झाड, मोडलं की पिवळा चीक येतो. निदलं तीन, पाकळ्या बहुधा सहा. मोजणीवर गेलात तर एकदल. पण पुंकेसर मोजू लागलात की संपतच नाहीत, पानात जाळं आहे आणि झाड उपटलं तर सोटमूळ सरळ खाली गेलेलं. तीन साक्षी एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला. पिवळा धोत्रा द्विदल आहे. बीजकोशाचे कप्पेही एकट्याने पुरत नाहीत, कारण एरंडाच्या बोंडाला तीन कप्पे असतात.

मूळ

इथे फार रेंगाळू नका. द्विदलात बीमधून निघालेलं पहिलं मूळ वाढत जातं आणि सोटमूळ होतं. गाजर आणि मुळा ही त्याची फुगलेली रूपं. एकदलात पहिलं मूळ लवकरच मागे पडतं आणि खोडाच्या तळातून तंतुमुळांचा झुबका फुटतो. कांद्याच्या बुडाशी दिसतो तोच. मुळाची साक्ष कमकुवत अशासाठी की फांदी लावून वाढवलेल्या जास्वंदाला सोटमूळ नसतंच. मूळ बघायचं असेल तर बीपासून उगवलेलं रोपच उपटा.

खोडात लाल ठिपके कुठे उमटतात?

हा प्रयोग मात्र चुकवू नका. तेरड्याची ताजी फांदी आणि मक्याचं कोवळं रोप, दोन्हींची खोडं पाण्यात बुडवूनच तिरकी कापा, म्हणजे आत हवा शिरत नाही. मग लाल शाई मिसळलेल्या पाण्यात उभी करून उजेडात ठेवा. तेरड्याचं खोड पारदर्शक असल्यामुळे काही तासांतच लाल रेघा वर चढताना बाहेरूनही दिसतात. त्यानंतर ब्लेडने आडव्या, शक्य तितक्या पातळ चकत्या काढा आणि पांढऱ्या कागदावर ठेवा. हात कापून घेऊ नका. ब्लेड नेहमी बोटांपासून लांब सरकवा.

तेरड्याच्या चकतीत लाल ठिपके कडेने एका वर्तुळात मांडलेले असतात, मध्ये भेंड. मक्याच्या चकतीत ते सगळीकडे विखुरलेले असतात, सालीजवळ दाट आणि मध्यभागी विरळ. प्रत्येक ठिपका म्हणजे पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्यांचा जुडगा, त्याला लागूनच अन्न वाहणाऱ्या रसवाहिन्या असतात.

दिसायला हा फरक किरकोळ वाटतो, पण झाडाचं अख्खं आयुष्य त्यावर ठरतं. वर्तुळात मांडलेल्या जुडग्यांमधून कॅम्बियम नावाच्या वाढणाऱ्या पेशींचं एक सलग कडं तयार होतं. ते आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला रसवाहिन्या घडवत राहतं, म्हणून आंब्याचं खोड वर्षानुवर्षं जाड होत जातं. विखुरलेल्या जुडग्यांना असं कडं करता येत नाही. बांबूचा कोंब जमिनीतून वर येतो तोच त्याच्या पुऱ्या जाडीचा. पुढे तो फक्त लांबतो. नारळाचं रोप आधी बुंध्याची रुंदी तयार करतं आणि मगच उंच होऊ लागतं, त्यामुळे माडाचा बुंधा वरपासून खालपर्यंत जवळपास सारखा. माड कापला तर वय सांगणारी वर्तुळंही मिळत नाहीत.

कलमांचंही उत्तर इथेच आहे. आंब्यावर किंवा गुलाबावर कलम बांधताना दोन्ही फांद्यांचं कॅम्बियम एकमेकांना भिडवायचं असतं. माडात किंवा केळीत भिडवायला ते नाहीच, म्हणून बागेत त्यांची तशी कलमं होत नाहीत. केळी कंदाला फुटलेल्या पिल्लांपासून वाढवतात. आंब्याच्या खोडाची साल पूर्ण गोल सोलली तर मुळांकडे जाणारं अन्न तुटतं आणि झाड हळूहळू मरतं. माडाच्या वाहिन्या खोडभर पसरलेल्या असल्याने वरचा थर खरवडून त्याची तशी गत होत नाही. गवत कितीदाही कापलं तरी वाढतं, कारण त्याची पानं टोकाकडून नाही, तळाकडून वाढतात. टू-फोर-डी हे तणनाशक रुंद पानांचं द्विदल तण मारतं आणि गवतवर्गातलं पीक बहुतांशी वाचतं, हाही या दोन गटांतल्याच फरकाचा फायदा. मात्र शेजारी कापूस किंवा टोमॅटो असेल तर उडालेले तुषार त्यालाही सोडत नाहीत.

अपवाद खोडातही आहेत. ड्रसीना आणि युक्का ही एकदल असून जाड होतात, पण वेगळ्या ऊतीच्या जोरावर. त्यांचे जुडगे तरीही विखुरलेलेच राहतात.

निकाल कसा लिहायचा

वहीत प्रत्येक झाडासाठी पाच रकाने आखा: बी, पान, फूल, मूळ, खोड. जे बघता आलं तेवढंच भरा, बाकी कोरं सोडा. पाचही रकाने एका बाजूला पडले तर प्रश्नच नाही. फाटाफूट झाली तर बी आणि चारही चक्रं मोजलेलं फूल यांना मी सर्वांत जास्त वजन देतो, मग खोडाचा काप, मग पान, शेवटी मूळ. अळूच्या बाबतीत हे करून बघा. पान द्विदलाकडे खेचतं, पण देठ खाली जाऊन बाहीसारखा गुंडाळलेला, मुळं तंतूंची, आणि फुलोरा एका मोठ्या पिवळसर पानाने वेढलेल्या दांड्याचा, जो त्याच्या कुळाची ओळखच आहे. सुरणाचा फुलोराही तसाच असतो. मायक्रोस्कोप मिळाला तर परागकणही बघा. एकदलांत त्यावर बहुधा एकच खाच किंवा छिद्र असतं, बहुसंख्य द्विदलांत तीन.

या परागकणांनीच एक जुना हिशेब मोडला. इंग्लंडचे निसर्ग अभ्यासक जॉन रे यांनी १६८२ मध्ये बीमधल्या दलांच्या संख्येला वर्गीकरणात जागा दिली आणि पुढे तीनशे वर्षं दोनच पेट्यांत काम भागलं. पण काही झाडं दोन दलांची असूनही त्यांचे परागकण एका खाचेचे आणि फुलं तीनच्या पटीत. सीताफळाचं फूल उघडा: जाड, मांसल पाकळ्या तीन. हिरव्या चाफ्याला तीन आणि तीन अशा सहा. मिरी, दालचिनी आणि सोनचाफा याच गोतावळ्यातले. डीएनएच्या अभ्यासानंतर १९९८ मध्ये अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या फुलझाडांची वंशावळ लावणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटाने नवी मांडणी छापली. तिच्यात एकदल हा गट एका पूर्वजाचा म्हणून कायम राहिला, पण 'द्विदल' असा सलग गट उरला नाही. तीन खाचांचे परागकण असलेल्यांचा वेगळा मोठा गट झाला. सीताफळ, सोनचाफा, मिरी यांच्या शाखा त्याच्या बाहेर राहिल्या.

तळ्यात शेजारी शेजारी फुलणारं कमळ आणि कुमुद (वॉटर लिली) घ्या. दोघांची पानं पाण्याशी खेळणारी, फुलं भरगच्च पाकळ्यांची, नवखा माणूस दोघांना भाऊच समजणार. कमळाचे परागकण तीन खाचांचे, ते वडाच्या आणि गुलाबाच्या बाजूचं. कुमुद मात्र फुलझाडांच्या अगदी जुन्या शाखेवरचं, ज्या वेळी एकदल आणि बाकीचे वेगळेही झाले नव्हते तिथून फुटलेलं. माझ्या वहीत त्याच्यासाठी मी दोन्ही पानं सोडून शेवटी एक तिसरं पान ठेवलं आहे. त्यावर सध्या कुमुद, सीताफळ, हिरवा चाफा आणि मिरी एवढीच नावं आहेत. पांढरा चाफाही तिथे जाईल असं नावावरून वाटलं होतं, पण पाकळ्या मोजल्या तर पाच निघाल्या.